दिव्यावरचे पाहुणे

दिवा लागला कीं पतंग येतो, ही गोष्ट इतकी जुनी व ओळखीची आहे कीं तिच्याविषयीं प्रश्न विचारण्याचें मोठ्या माणसांस सुचत नाहीं. कवींनीं पतंगाच्या त्या उडीला प्रेमाचें नांव दिलें, कीर्तनकारांनीं मोहाचें, आणि घरांतल्या गृहिणीनें दिवा मालवून वाद मिटविला. मुलांचें तसें नसतें. "गुरुजी, तो येतो तरी कशाला?" असें तीं विचारतात. मास्तरला अडचणींत टाकणारे जे प्रश्न असतात, त्यांत याची गणना वरच्या श्रेणींत करावी लागेल.

नंदुरबार जिल्ह्यांतील कळसाडी या गांवीं पावसाळ्याच्या दिवसांत दहापांच मुलें जमवून आम्ही पतंग पाहतों. साधनें फार थोडीं लागतात. दोन बांबू, सुतळी, एक पांढरें स्वच्छ धोतर आणि एक दिवा. दिवा पाऱ्याच्या वाफेचा असल्यास उत्तम. कारण त्यांतून जंबुपार किरण, म्हणजे हल्लीं ज्यांना अतिनील म्हणतात ते, पुष्कळ निघतात आणि पतंगाच्या डोळ्यांना ते आपल्यापेक्षां चांगले दिसतात. पिवळ्या दिव्यावर त्या मानानें पाहुणे कमी. रात्र अमावास्येच्या जवळपासची, हवा दमट, वारा पडलेला, आणि एकदोन पाऊस होऊन गेलेले असावेत. चांदणें पिठासारखें पडलेलें असलें तर धोतर बहुधा रिकामें राहतें. मुलांना दोन गोष्टींची ताकीद आरंभींच द्यावी लागते: दिव्याकडे टक लावून पाहूं नये, आणि पतंगाला चिमटींत धरूं नये.

दुसरी रीति याहून सोपी. फार पिकलेलीं केळीं गुळांत कालवून दोन दिवस आंबूं द्यावीं आणि तो लेप तिन्हीसांजेस झाडाच्या बुंध्याला फांसावा. दिव्याकडे ढुंकूनही न पाहणारे कांहीं पतंग या मेजवानीस मात्र अगत्यानें येतात. पिकल्या फळांना आपल्या सोंडेनें भोंक पाडून रस पिणारे पतंग यांतलेच. तेथें पाहण्यासाठीं बत्तीवर लाल कागद बांधावा, म्हणजे पाहुणे बुजत नाहींत.

पतंगाच्या पंखांवरची पूड डोळ्यांत गेली तर माणूस आंधळा होतो, अशी भीति कांहीं मुलें घरून घेऊन येतात. ती पूड म्हणजे कौलांसारखे एकावर एक बसविलेले सूक्ष्म खवले होत. त्यांनीं कोणी आंधळा होत नाहीं. उलट ते गळले तर नुकसान पतंगाचें होतें. केसाळ सुरवंटाची गोष्ट निराळी. त्याला हात लावूं नये हें घरांतल्या वडील माणसांचें सांगणें अगदीं बरोबर आहे.

फुलपाखरूं आणि पतंग यांत भेद कसा करावयाचा, हें मुलें पहिल्याच रात्रीं शिकतात. फुलपाखराच्या मिशांना टोंकाशीं गांठ असते; पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. बहुतेक पतंग बसतांना पंख छपरासारखे अंगावर घेतात अथवा सपाट पसरतात. एवढें पुरे. जगांत आजवर नांवें मिळालेल्या पतंगांच्या जाति सुमारें १,६०,००० आहेत, आणि फुलपाखरांच्या सुमारें १८,०००; तरी कौतुक सगळें फुलपाखराचें! आपल्याकडे या विषयाचा पाया घालणाऱ्यांत सर जॉर्ज हॅम्प्सन यांचें नांव घ्यावें लागतें. निलगिरींत चहाचा मळा संभाळणाऱ्या या गृहस्थानें हिंदुस्थानांतील पतंगांवर चार खंड लिहिले, ते १८९२ ते १८९६ या काळांत प्रसिद्ध झाले. अमेरिकेंत २०१२ सालीं सुरू झालेला पतंग-सप्ताह आतां जुलैच्या अखेरीस अनेक देशांत पाळला जातो, आपल्या देशांतही.

आतां त्या मूळ प्रश्नाकडे वळूं. पूर्वीं असें सांगत कीं पतंग चंद्राशीं एक ठराविक कोन राखून सरळ मार्गानें जातो. चंद्र फार दूर असल्यामुळें कोन बदलत नाहीं. दिवा मात्र जवळ. त्याच्याशीं तोच कोन राखूं जातां पतंग वळत वळत दिव्यावरच येऊन पडतो. उपपत्ति मोठी सुबक होती. परंतु लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील व फ्लॉरिडांतील शास्त्रज्ञांनीं अतिवेगवान कॅमेऱ्यांनीं पतंगांचें उड्डाण टिपलें आणि २०२४ च्या जानेवारींत निराळेंच उत्तर प्रसिद्ध केलें. उडणारा पतंग आपली पाठ नेहमीं अधिक उजेडाच्या बाजूस ठेवतो. लक्षावधि वर्षें रात्रीं देखील आकाश हें जमिनीपेक्षां उजळच होतें. तेव्हां उजेडाकडे पाठ करणें म्हणजे आपसुखच सरळ राहणें. मनुष्यानें दिवा लावला आणि हा हिशेब चुकला. दिवा बाजूला असला तर पतंग त्याच्याकडे पाठ कलती करतो, कलल्यामुळें वळतो, आणि त्याच्या भोंवतीं बांधल्यासारखा फिरत राहतो. त्याला दिव्याची ओढ नसते. वर कोणतें आणि खालीं कोणतें, हेंच त्याला उमगत नाहींसें होतें.

याची प्रचीति मुलांना सहज देतां येते. जमिनीवर धोतर अंथरून दिवा वरच्या अंगास तोंड करून ठेवला, म्हणजे त्यावरून जाणारे कांहीं पतंग चक्क उताणे होऊन कोसळतात. पाहणाऱ्याला हंसूं येतें. मात्र प्रयोग दोनचार मिनिटांत आवरता घ्यावा. बिचाऱ्या जिवांची दमछाक होते.

मुलांना फार आवडणारा दुसरा प्रयोग किल्ल्यांच्या जुडग्याचा. वटवाघूळ अंधारांत आपल्याला ऐकूं न येणारी बारीक शीळ घालून भक्ष्य हुडकतें. ती शीळ ऐकण्यासाठीं कित्येक पतंगांना छातीच्या बाजूंस कान असतात, आणि त्यांतल्या एका मोठ्या कुळांत प्रत्येक कानांत अवघ्या दोन ज्ञानपेशी! केनेथ रोडर या अमेरिकन शास्त्रज्ञानें या कानांचा कसून अभ्यास केला. किल्ल्यांच्या छुमछुमाटांत तसलेच सूक्ष्म ध्वनि मिसळलेले असतात. म्हणून जुडगा हलवितांच घिरट्या घालणारे कांहीं पतंग वटवाघूळ आलें असें समजून धाडकन् खालीं पडतात किंवा वेडेवांकडे पळतात. रेशमी पतंगांच्या कुळांतला एखादा थोराड पाहुणा मात्र ढिम्म बसून राहतो. त्याला कान नाहींत. आणि खाण्याजोगें तोंडही नाहीं. अळी असतांना जें खाल्लें त्याच्याच बळावर तो थोडे दिवस जगतो. "मग तो उपाशी मरतो?" एका लहानग्या मुलीनें विचारलें. त्याला भूक लागते कीं काय, हें तिला कसें सांगावें!

तिळाच्या पानांवर वाढणारा आणि पाठीवर मेलेल्या माणसाच्या कवटीसारखी खूण बाळगणारा एक मोठा पतंग आहे. तो मधाच्या पोळ्यांत शिरून मध चोरतो, आणि हातीं धरला तर उंदरासारखा चीं चीं करतो. मुलें त्याला प्रथम भितात, मग सोडीत नाहींत.

परंतु हा सगळाच खेळ नव्हे. आमच्या जिल्ह्यांत कापूस पिकतो, आणि कापसाची गुलाबी बोंडअळी ही एका करड्या-तपकिरी चिमुकल्या पतंगाचीच संतति. २००२ सालीं आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हां बोंडअळीचें संकट टळलें असें वाटलें. पण या अळीनें त्या विषाला दाद देईनासें केलें आणि २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांतल्या शेतकऱ्यांचें अतोनात नुकसान झालें. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांच्या आसपास माणसें दगावलीं. म्हणून धोतरापुढें उभा राहून एखादा शेतकऱ्याचा मुलगा जेव्हां म्हणतो, "गुरुजी, हे सगळे मारूनच टाकूं या", तेव्हां त्याला रागें भरून चालत नाहीं. त्याच्या घरचें बोंड किडलेलें असतें.

त्याला मी धोतराजवळ नेतों आणि मोजावयास सांगतों. शंभर पाहुण्यांत पिकाचे वैरी किती? थोडे. उरलेल्यांत रानटी झाडपाल्यावर जगणारे, रात्रीं फुलांचा पराग वाहणारे, आणि वटवाघळें, रातवे व पाली यांचें अन्न होणारे. शिवाय मावा खाणाऱ्या अळ्यांची आई, ती नाजुक हिरवी जाळीदार पंखांची माशी, तीही तेथेंच बसलेली असते. सरसकट मारणारा दिव्याचा सापळा हिलाही मारतो. बोंडअळीसाठीं कामगंध सापळा अधिक नेमका. मादीच्या गंधासारखा गंध लावलेल्या सापळ्यांत त्याच एका जातीचे नर येतात. असा गंध सर्वांत आधीं १९५९ सालीं जर्मनींतील बूटेनांट यांनीं रेशमाच्या सुमारें पांच लक्ष पतंगांपासून वेगळा काढला होता. एकरीं दोन सापळे लावावे. एका सापळ्यांत सलग तीन रात्रीं आठआठ पतंग पडले तरच उपायाची वेळ आली असें समजावें. हंगामानंतर फरदड ठेवूं नये, पऱ्हाट्या शेतांत पडूं देऊं नयेत. आपल्या शेतांतल्या सापळ्याचे आंकडे मुलगा वहींत टिपूं लागला, कीं फवारणी कधीं करावी याविषयीं घरांत त्याचें मत विचारलें जातें.

शहरांतील श्रोत्यांना धोतर व बांबू नकोत. गच्चीवर एक पांढरी चादर आणि एक दिवा पुरे. दिनांक, वेळ, पाऊस आणि पाहुण्यांचीं चित्रें मुलांकडून वहींत करून घ्यावीं. नांव न कळल्यास "कानाजवळ पिवळा ठिपका असलेला" असें लिहिलें तरी चालतें. दिवा मात्र दहाअकराच्या सुमारास बंद करावा आणि चादर हलक्या हातानें झाडावी. ती तशीच राहिली तर पहांटे कोतवाल पक्षी येऊन फराळ करतात.