चकाकी कुठे हवी, कुठे नको

पुणे–बंगळूर महामार्गावर कराडला खेटून असलेलं मलकापूर इंजिनांच्या दोन जुन्या घराण्यांच्या मधे येतं. उत्तरेला सातारा, तिथे धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. दक्षिणेला सांगली जिल्ह्यात, औंध संस्थानच्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. दोघांची सुरुवात शेतीच्या अवजारांपासून झाली. पुढे कूपर डिझेल इंजिनाकडे वळले, आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. वीज येण्याआधी कृष्णा-कोयनेच्या काठची मळई भिजली ती अशाच इंजिनांवर.

किर्लोस्करांचं ‘एव्ही-१’ घ्या. एकच उभा सिलिंडर, बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०. मिनिटाला १५०० फेरे आणि ताकद पाच अश्वशक्ती. शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेलं असं इंजिन पुन्हा बांधायला काढलं, की मालकाची नजर पहिल्यांदा रंगावर जाते. फिटर मात्र मायक्रोमीटर काढतो.

क्रँकचे जर्नल, म्हणजे बेरिंगमध्ये फिरणारे भाग, झिजून लंबगोल झालेले असतात. ते ग्राइंडिंगला टाकून गोल करायचे आणि त्या मापाचं, दहा किंवा वीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइज बेरिंग बसवायचं. जर्नलला आरशासारखं पॉलिश लागतं, कारण तिथे तेलाचा पातळ थर धातूला धातूपासून दूर ठेवतो. एवढासा ओरखडाही बेरिंग खातो.

सिलिंडरचा न्याय उलटा. तो गुळगुळीत चकचकीत केला, तर तेल भिंतीला धरत नाही आणि पिस्टनच्या नव्या रिंगा बसत नाहीत. म्हणून हॉनिंग करताना दगड फिरवत वरखाली न्यायचा, की एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा उठतात. त्या रेघांत तेल थांबतं. वॉल्व्हचंही तसंच. पेस्ट लावून सीटवर घासल्यावर सलग करडी, मंद पट्टी उमटली पाहिजे. मग वर रॉकेल ओतून गळती बघायची.

जुन्या गाड्या वेगासाठी नव्याने बांधणाऱ्या अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांचं लाडकं इंजिन म्हणजे १९३२ साली आलेलं फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८. त्याला ॲल्युमिनियमची हेड चढवून ती लखलखीत करतात, कारण हॉट रॉड गाडीला बॉनेट नसलं तरी चालतं आणि इंजिन हाच तिचा दागिना. पण तिथेही बोअरमध्ये तिरक्या रेघाच असतात. पाहणाऱ्यासाठीची झिलई बाहेर, चालण्यासाठीची आत. दोन्हींची गल्लत केली की पैसे वाया.

आपल्याकडे बाहेरची झिलई फार तर फ्लायव्हीलच्या कडेला आणि तांब्या-पितळेच्या नळ्यांना. तेवढी हौस करावी, पण शेवटी. आधी रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांतली फट फीलर गेजने मोजावी. फट फार कमी राहिली, तर तापल्यावर टोकं भिडून रिंग मोडते.

बांधून झाल्यावर एक मोह टाळायचा: हँडल मारून सुरू केलेलं इंजिन कौतुकाने तासन्‌तास रिकामं फिरवत ठेवण्याचा. लोड नसेल तर रिंगा भिंतीवर दाबल्या जात नाहीत, अर्धवट जळलेलं तेल साचतं आणि बोअरला नको ती चकाकी येते. सगळं हॉनिंग फुकट. म्हणून थोडं गरम होताच पंपाला जोडून पाणी काढायला लावावं, आणि पहिलं तेल लवकर बदलावं. काम दिल्याशिवाय नवं बांधलेलं इंजिन जमत नाही.