विश्लेषण : छातीतली धडधड हृदयाच्या कोणत्या कप्प्यातून? ईसीजीवरून ‘एट्रियल फ्लटर’चा प्रकार कसा ओळखतात?

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या रुग्णाच्या छातीत अचानक धडधड सुरू झाली, तर पहिला ईसीजी बहुधा तालुक्याच्या ठिकाणीच निघतो. हृदयाच्या ठोक्यांचे तज्ज्ञ मात्र ठाणे-मुंबईला. शहापूरकरांना त्यासाठी आसनगावहून लोकल पकडावी लागते, तर मुरबाडला अजून रेल्वेच नसल्याने आधी कल्याण गाठावे लागते. तोवर अनेकदा धडधड थांबते आणि मुंबईत काढलेला ईसीजी अगदी साफ येतो. मग आजाराचा पुरावा म्हणून उरतो तो तालुक्याला निघालेला कागदच. एट्रियल फ्लटरमध्ये हा कागद आजाराचे नावच नव्हे, त्याचा प्रकारही बराचसा सांगून जातो.

एट्रियल फ्लटर म्हणजे काय?

निरोगी हृदयात ठोक्याचा विद्युत संदेश उजव्या वरच्या कप्प्यातून निघतो, खाली उतरतो आणि विझतो. फ्लटरमध्ये तो विझत नाही. मळणीच्या वेळी तिवड्याभोवती बैल फिरावेत, तसा तो वरच्या कप्प्यात एकाच वर्तुळात फिरत राहतो. मिनिटाला साधारण ३०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ५. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला एव्ही नोड यातले सगळे संदेश खाली सोडत नाही, म्हणून माणूस वाचतो. बहुतेकदा दोनांतला एक संदेश खाली जातो आणि नाडी १५०च्या आसपास भरते.

शंका घ्यायची ती इथेच. ताप किंवा भीतीने वाढलेली नाडी आराम मिळाला की हळूहळू उतरते. फ्लटरची नाडी रुग्ण पडून राहिला तरी १५०लाच अडून बसते. ईसीजी मशीनवर आपोआप छापून येणारे निदान अशा वेळी फसू शकते आणि ‘सायनस टॅकिकार्डिया’, म्हणजे नुसती वाढलेली नाडी, असा शेरा येतो. चारांतला एकच संदेश खाली गेला तर नाडी ७५ भरते. मनगट धरणाऱ्याला काहीच वावगे वाटत नाही, वरचा कप्पा मात्र ३००च्या वेगाने थरथरत असतो.

प्रकार कागदावर कसा दिसतो?

नेहमीच्या प्रकारात संदेश उजव्या वरच्या कप्प्यात, ट्रायकस्पिड झडपेभोवती फिरतो. ही झडप आणि पोटाकडून रक्त आणणारी मोठी शीर यांच्यामध्ये एक निरुंद पट्टी आहे. प्रत्येक फेरी तिथूनच जाते. संदेश घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असेल, तर २, ३ आणि एव्हीएफ या लीडमध्ये करवतीचे खाली वळलेले दाते दिसतात आणि व्ही१मध्ये लहरी वर उठतात. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, त्यामुळे ३००च्या वेगाला दोन दात्यांत एक मोठा चौकोन अंतर पडते. हे गणित मोजपट्टीशिवायही जमते.

असा नमुना दिसला की उपचाराची वाट बरीच सोपी होते. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर नेऊन ती पट्टी उष्णतेने जाळली, की वर्तुळच तुटते. या प्रकारात या अ‍ॅब्लेशनला ९० टक्क्यांहून अधिक यश मिळते.

दुसऱ्या प्रकारात वर्तुळ डाव्या वरच्या कप्प्यात किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणाभोवती असते. लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन माइट्रल झडप खराब झालेले, हृदयातले छिद्र बुजवलेले किंवा पूर्वी अ‍ॅब्लेशन झालेले रुग्ण यात अधिक सापडतात. इथे दाते करवतीसारखे नसतातच असे नाही, पण नमुना बदलतो. कप्प्याचा त्रिमितीय नकाशा काढावा लागतो, कधी कप्प्यांमधल्या पडद्यातून पलीकडे जावे लागते. वेळ आणि खर्च वाढतो. कोणत्या रुग्णालयात जायचे, सरकारी योजनेत काय बसते हे आरोग्यमित्राला विचारण्याआधी प्रकाराचा अंदाज हाती असलेला बरा.

अंदाज चुकतो कुठे?

आधी शस्त्रक्रिया किंवा अ‍ॅब्लेशन झालेल्या हृदयात कागद दिशाभूल करतो. उजवीकडचे साधे वर्तुळही तिथे वेगळे दिसू शकते. १२ लीडच्या ईसीजीवरून प्रकार ओळखणारी संगणकीय मॉडेल जगभर तपासली जात आहेत, मात्र अखेरचा निकाल कॅथेटरने केलेली तपासणीच देते.

दुसरी अडचण साधी आहे. नाडी १५० असताना दाते इतर लहरींत लपतात. डॉक्टर अशा वेळी शिरेतून अ‍ॅडिनोसिन देतात. रुग्णाला क्षणभर छाती दाटल्यासारखी वाटते, खालचे ठोके काही सेकंद मंदावतात आणि दाते उघडे पडतात. त्या काही सेकंदांत मशीन चालू नसेल, तर पुरावा हातचा गेला. रुग्ण स्थिर असेल तर शॉक देण्याआधीही १२ लीडचा पूर्ण ईसीजी काढून ठेवायला हवा. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णात मात्र शॉकला उशीर करून चालत नाही.

हा कागद थर्मल असतो. उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यावरच्या रेषा पुसट होतात. मोबाइलवर त्याचा स्पष्ट फोटो, तारीख-वेळेसह, त्याच दिवशी काढावा.

गुठळीचा धोका कोणाला?

प्रकार कोणताही असो, थरथरणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. धडधड थांबली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करणे म्हणूनच घातक. माइट्रल झडप बरीच आकसलेली असेल, तर नव्या गोळ्या चालत नाहीत. ऱ्हुमॅटिक हृदयविकार आणि एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांवरच्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत (२०२२) जुनी वॉरफरिनसारखी औषधेच सरस ठरली. या औषधांबरोबर आयएनआरची रक्त तपासणी नियमित करावी लागते. डोळखांब किंवा टोकावड्याच्या रुग्णाची ती तपासणी ऐन भातलावणीत चुकू शकते.