प्ली बार्गेनिंग : शिक्षा कमी होते, डाग राहतो

बँकेत असताना ‘एकरकमी तडजोड’ हा शब्द रोज कानावर पडायचा. कर्जदार ठरलेली रक्कम भरतो, बँक उरलेली सोडते, खाते बंद. फौजदारी कोर्टातही अशीच एक तडजोड आहे. तिला प्ली बार्गेनिंग म्हणतात. पण तिथे खाते पूर्ण बंद होत नाही. हे घराघरांत माहीत असावे म्हणून हा छोटा लेख.

ही तरतूद जुलै २००६ पासून लागू झाली. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेलेच गुन्हे यात बसतात. स्त्रिया व मुले यांच्याविरुद्धचे गुन्हे वगळले आहेत. आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत आरोपीने स्वतः अर्ज करायचा. अर्ज स्वखुशीने केला का, हे न्यायाधीश त्याला एकट्याला विचारतात. मग सरकारी वकील, पोलीस, पीडित आणि आरोपी बसून नुकसानभरपाई ठरवतात. कायद्यात किमान शिक्षा ठरलेली असेल, तर ती निम्म्यावर येऊ शकते. पहिलाच गुन्हा असेल तर पाव.

फायदा उघड आहे. वर्षानुवर्षांच्या तारखा वाचतात आणि पीडिताच्या हाती लवकर पैसे पडतात. पण हे न्याय्य आहे का? आपल्या गुजरातमधून गेलेल्या कासमभाई शेख खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने अशा सौद्यावर कडक टीका केली होती. खटल्याच्या दगदगीला कंटाळून निर्दोष माणूसही गुन्हा कबूल करील, ही भीती. जामिनाची ऐपत नसलेल्या कच्च्या कैद्याच्या बाबतीत ती आजही खरी वाटते. तुरुंगात बसलेल्याची ‘स्वखुशी’ मोजायची कशी?

दुसरी गोष्ट परिणामांची. चेक परत गेल्याच्या खटल्यात दोन्ही पक्षांत समझोता होऊन कोर्टाने तो मान्य केला, तर आरोपी निर्दोष सुटतो. प्ली बार्गेनिंगमध्ये मात्र तो दोषीच ठरतो. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बँकेला नोकरीत ठेवता येत नाही, असे बँकिंग कायदा सांगतो. शिवाय या निकालावर नेहमीचे अपील नाही.

म्हणून कोणी ‘सही करा, मोकळे व्हा’ म्हणाले, तर आधी वकिलांना दोन प्रश्न विचारा : हा समझोता आहे की गुन्ह्याची कबुली? आणि उद्या नोकरीच्या अर्जात काय लिहावे लागेल? खिशाला परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. सही त्यानंतरच करावी.