नऊ बटणं, सहा तारा

कीबोर्डवर 'क' दाबला तरी कॉम्प्युटरकडे 'क' जातच नाही. जातो फक्त एक आकडा: १४. इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिणाऱ्याचा 'क' आणि इंग्रजी लिहिणाऱ्याचा 'के' एकाच बटणावर बसतात आणि यूएसबीच्या मानकात त्या बटणाचा क्रमांक १४ आहे. अक्षर कोणतं उमटवायचं, ते कॉम्प्युटर मागाहून ठरवतो. म्हणजे असे क्रमांक नीट पाठवणारी कुठलीही वस्तू त्याच्या लेखी कीबोर्डच! मग ती कारखान्यात घडलेली असो, नाहीतर तुमच्या जेवणाच्या टेबलावर.

मॅक्रो कीपॅड बनवता येतो तो यामुळेच. मोजक्या बटणांचा हा छोटासा फलक. एक बटण दाबलं की तुम्ही आधी ठरवून दिलेला बटणांचा अख्खा क्रम कॉम्प्युटरकडे जातो. मेंदू म्हणून रास्पबेरी पाय पिकोसारखा बोर्ड पुरतो. २०२१ मध्ये तो बाजारात आला तेव्हा त्याची किंमत होती ४ डॉलर.

पिकोवर जोडणीच्या २६ पिना असतात, तेव्हा नऊ बटणांना नऊ पिना सहज देता येतील. पण १०४ बटणांच्या कीबोर्डाने काय करायचं? इथे एक विलक्षण युक्ती कामाला येते. बटणं आडव्या ओळींत आणि उभ्या रांगांत मांडायची. प्रत्येक ओळीला एक तार, प्रत्येक रांगेला एक. बोर्ड पहिल्या रांगेत वीज सोडतो आणि सगळ्या ओळी तपासतो. मग दुसरी रांग, मग तिसरी. दुसऱ्या रांगेच्या पाळीला तिसऱ्या ओळीत वीज आली, तर दाबलेलं बटण नेमकं कुठलं ते कळलं. नऊ बटणांचं काम सहा तारांत होतं आणि १०४ बटणांचं, आठ ओळी नि तेरा रांगा धरल्या तर, अवघ्या एकवीस तारांत.

मात्र या मांडणीत एक भूत दडलेलं असतं. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली, तर वीज त्या तिघांतून वळसा घालून जाते आणि कुणी हातही न लावलेलं चौथं बटण दाबल्यासारखं दिसतं. त्यावर उतारा म्हणजे प्रत्येक बटणामागे एक डायोड. बहुतेक जण १एन४१४८ वापरतात: तांदळाएवढी काचेची नळी आणि एका टोकाला काळं वळं. त्यातून वीज वळ्याच्या दिशेनेच जाते, उलट फिरत नाही, आणि वळशाची वाट बंद होते. सगळ्या डायोडांची वळी एकाच बाजूला ठेवायची. एखादा उलटा लागला, तर त्याचं बटण मुकं राहतं.

बटणाच्या पोटातही नवल आहे. धातूच्या दोन पट्ट्या भेटल्या की लगेच स्थिर होत नाहीत, क्षणभर थरथरतात. आपण एकदाच दाबलेलं असतं, बोर्डाला मात्र ते अनेकदा दाबल्यासारखं वाटू शकतं. म्हणून प्रोग्राम साधारण ५ मिलिसेकंद थांबून खात्री करतो. तेवढ्या अवधीत १२५ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या पिकोच्या घड्याळाचे सव्वासहा लाख ठोके पडून जातात!

बटणाला अर्थ द्यायचा तो आपण. 'वाऱ्या'तला 'ऱ्य' इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट, र, हलन्त आणि य अशा चार बटणांनी उमटतो; तो क्रम एका बटणावर आणता येतो. मानकाच्या यादीत एफ१३ ते एफ२४ ही बटणंही आहेत. नेहमीच्या कीबोर्डवर ती सापडत नाहीत, पण तुमचा कीपॅड ती खुशाल पाठवू शकतो. त्यांना हवं ते काम नेमून द्या, इतर शॉर्टकटांशी सहसा टक्कर होत नाही.

सुरुवात एका स्विचने, दोन तारांनी करा. पिकोवर सर्किटपायथन ही प्रणाली आणि तिच्यावर चालणारं केएमके हे कीबोर्डासाठीचं सॉफ्टवेअर घातलं की बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसतो. त्यातली फाइल उघडून बदलायची आणि सेव्ह करायची, नवा अर्थ लगेच लागू. तो एक स्विच चालला, की पुठ्ठ्यावर चेरी एमएक्स धाटणीच्या स्विचसाठी १४ मिलिमीटरचे नऊ चौकोन कापा. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. सोल्डरिंगचा हात बसेपर्यंत पुठ्ठा पुरतो. कोणतं बटण कुठे हवं, हे वापरता वापरताच कळत जातं, आणि ते कळल्यावरच पक्की पेटी बनवावी.