नालदेहऱ्याच्या उतारावरचा एक दिवस

सकाळी सहा. ऑक्टोबर आहे, नुकतं उजाडू लागलंय. शिमल्यापासून 22 किलोमीटरवर, सुमारे 2,200 मीटर उंचीवरच्या या गोल्फ मैदानात माळी लांब बांबू घेऊन ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, उतरतात. बांबू गवतावरून फिरवला की दव झडतं. ते तसंच राहिलं तर बुरशी धरते. याच दिवसांत देवदाराचे बोटाएवढे नरशंकू गळतात आणि पिवळा पराग सगळीकडे सांडतो. ग्रीनवरचे शंकू वेचून काढल्याशिवाय कापणीचं यंत्र फिरवता येत नाही.

साडेसहा. आता भोक हलवायचं. खेळाडूंची पावलं रोज एकाच जागी पडली तर तिथलं गवत मरतं, म्हणून नव्या ठिकाणी 108 मिलिमीटर व्यासाचं भोक पाडतात आणि त्यातून निघालेला मातीचा गड्डा जुन्या भोकात बसवतात. गड्डा वर राहिला तर यंत्र त्याला खरवडतं, खाली गेला तर चेंडू अडखळतो. माळी तळव्यानं चाचपतो, दाबतो, पाणी शिंपडतो, पुन्हा चाचपतो. डोंगरात जागा निवडणं त्याहून कठीण. भोकाभोवती दोनेक पावलं तरी जमीन अशी हवी की चेंडू थांबेल. नाहीतर हुकलेला चेंडू घरंगळत पार खाली जातो. ही पारख वर्षानुवर्षं त्याच उतारावर चालूनच येते.

आठ वाजता पहिले खेळाडू येतात. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला ही जागा इतकी आवडली की 1904 मध्ये जन्मलेल्या मुलीच्या नावात त्यानं 'नालदेरा' घातलं. हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. दव झाडणाऱ्यांबद्दलही कुणी दोन वाक्यं सांगावीत, असं मला फार वाटतं.

दहा. अठरा होल, पार 68, म्हणजे इतक्या फटक्यांत फेरी संपावी अशी अपेक्षा. आकडा लहान दिसतो, पण दम उतारावर निघतो. टीवरून, म्हणजे होलचा पहिला फटका मारतात तिथून, पुष्कळदा चेंडू पडतो ती जागा दिसतच नाही, म्हणून आगेवाला आधीच पुढे जाऊन झाडांत नजर लावून उभा असतो. ग्रीनवर काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीचं ऐकावं. मागच्या डोंगरामुळे डोळा फसतो, चढ वाटतो तिथे उतार निघतो. "साहब, घाटी की तरफ जाएगी," तो म्हणतो, आणि चेंडू सतलजच्या दरीकडे वळतो.

दुपारी जेवण, थोडी उसंत.

तीन वाजता फटक्यांनी उखडलेल्या ढेकळांच्या जागी वाळू आणि बी भरतात. देवदारांच्या सावलीतली ग्रीन उशिरा सुकतात. तिथलं गवत किंचित उंच ठेवावं लागतं, पाणीही बेतानं.

साडेपाच. शेवटचा गट परतला की यंत्रांची पाती पुसून, धार बघून ठेवतात. नोव्हेंबर लागला की दव गोठेल. गोठलेल्या गवतावर पाय पडला तर पातं मोडून काळं पडतं, म्हणून तेव्हा ऊन येईपर्यंत ग्रीनवर कुणालाच सोडणार नाहीत, पाहुणा कितीही मोठा असला तरी.