अर्थ हरवलेलें गाणें

यास्काचार्यांच्या निरुक्तांत, अर्थ न जाणतां वेद नुसता मुखोद्गत करणाऱ्यास भार वाहणाऱ्या खांबाची उपमा आढळते. पाठशाळांतून ही उपमा आजवर किती विद्यार्थ्यांच्या माथीं मारली गेली असेल याची गणती नाहीं. पण त्या बिचाऱ्या खांबाची बाजू कोणीं फारशी मांडलेली दिसत नाहीं. त्यानें भार मध्येंच टाकून दिला असता, तर मागाहून येणाऱ्या अर्थशोधकांच्या हातीं काय उरलें असतें? अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या आग्नेय किनाऱ्यावर राहणाऱ्या गल्ला लोकांचा इतिहास वाचतांना हा प्रश्न वारंवार मनांत येतो. म्हणून त्यांच्या एका गाण्याची हकीगत वाचकांपुढें ठेवीत आहें.

'गल्ला' हें नांव ऐकून दुकानदाराच्या पैशाच्या पेटीची आठवण होईल. तिचा येथें कांहीं संबंध नाहीं. नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनाऱ्यावर व त्यास लागून असलेल्या सखल बेटांवर ज्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणले गेले, ते हे लोक. जॉर्जिया संस्थानांत त्यांस गीची असेंहि म्हणतात. अठराव्या शतकांत चार्ल्सटनच्या आसपासचे जमीनदार भातशेतीवर गबर झाले. पश्चिम आफ्रिकेंत सेनेगालपासून सिएरा लिओनपर्यंतचे लोक पिढ्यान्‌पिढ्या खाजणांस बांध घालून भात पिकवीत आले होते. त्यामुळें त्या किनाऱ्यावरील माणसांना चार्ल्सटनच्या गुलामांच्या बाजारांत विशेष मागणी असे. धन्यास एकाच किंमतींत राबणारे हातहि मिळत आणि शेतीची विद्याहि मिळे. उन्हाळा आला कीं हिंवतापाच्या भीतीनें धनी सहकुटुंब तेथून निघून जात. मागें दलदल, डांस आणि गुलाम एवढेंच उरे. या एकांतवासांत निरनिराळ्या जमातींच्या माणसांनीं इंग्रजी शब्द व आफ्रिकी वळण यांची एक नवी भाषा घडविली. तीच गल्ला भाषा.

विद्वानांनीं या भाषेस पुष्कळ काळ भाषाच मानलें नाहीं. आळशी जिभेनें मोडलेली इंग्रजी, असा शेरा मारून ते मोकळे झाले. प्राकृतांस अपभ्रष्ट म्हणून नाक मुरडणारे आपल्याकडेहि कांहीं कमी नव्हते! सन १९२९ च्या उन्हाळ्यांत लॉरेन्झो डाउ टर्नर हे कृष्णवर्णीय प्राध्यापक साउथ कॅरोलायनांत शिकवीत असतां त्यांच्या कानीं ही बोली पडली, आणि तिच्यांतील कांहीं शब्द इंग्रजी नाहींत, इतकेंच नव्हे तर इंग्रजीचे अपभ्रंशहि नाहींत, असा त्यांना संशय आला. पुढें वीस वर्षें त्यांनीं या एका संशयाचा पाठपुरावा केला. बेटांवर जाऊन माणसांचीं बोलणीं यंत्रावर मुद्रित करून घेतलीं. लंडनास जाऊन आफ्रिकी भाषांचा अभ्यास केला. आणि १९४९ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत हजारों आफ्रिकी विशेषनामें नोंदलेलीं आहेत. गोऱ्या संशोधकांस तीं मिळालीं नव्हतीं, याचें कारण मजेचें आहे. गल्ला मुलांस दोन नांवें असत: एक शाळेंत व गोऱ्यांपुढें सांगावयाचें इंग्रजी, आणि दुसरें घरगुती. या दुसऱ्यास ते 'टोपलींतलें नांव' म्हणतात. आपल्याकडील पाळण्यांतल्या नांवाचेंच हें भावंड. शुक्रवारीं जन्मलेला तो कफी, सोमवारीं जन्मलेला तो कजो, अशीं वारावरून ठेवलेलीं नांवेंहि त्यांत असत. परक्यानें विचारल्यास हें नांव कोण सांगणार? टर्नर यांस तें सांगितलें गेलें, कारण ते परके वाटले नाहींत.

याच भ्रमंतींत १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जॉर्जियांतील हॅरिस नेक नांवाच्या गांवीं अमीलिया डॉली या बाईंनीं त्यांना पांच ओळींचें एक गाणें म्हणून दाखविलें. घरांतील वडील बायांकडून तें त्यांच्याकडे आलें होतें. अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. मुलांना खेळवितांना म्हणावयाचें गाणें, एवढीच त्याची घरांत ओळख. पुढें अमेरिकेंत शिकत असलेल्या सिएरा लिओनच्या एका विद्यार्थ्यानें तें ऐकून भाषा ओळखली: ती मेंडे होती. दीड-दोन शतकें, फटके आणि विक्री यांतून, त्या भाषेचा एकहि जाणता शेजारीं नसतां, गाण्याचे उच्चार ओळखतां येण्याइतके शाबूत राहिले होते. येथें कोणी गुरु नव्हता, घनपाठ नव्हता, चुकल्यास कान पिळणारा नव्हता. होत्या त्या स्वयंपाकघरांतल्या बाया.

सुमारें साठ वर्षांनीं, १९९० च्या सुमारास, मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ ओपाला, संगीताच्या अभ्यासक सिंथिया श्मिट आणि सिएरा लिओनचे भाषापंडित तझीफ कोरोमा या तिघांनीं तें मुद्रण पुन्हां काढलें. मेंडेभाषी मुलूख विस्तीर्ण. गांव कोठलें शोधावयाचें? कोरोमा यांनीं गाण्यांतील एका शब्दावर बोट ठेवलें. तसा उच्चार दक्षिणेकडील पुजेहुन जिल्ह्याच्या बोलींतच आढळतो, असें त्यांचें म्हणणें पडलें. वऱ्हाडी व मालवणी एका शब्दावरून ओळखणाऱ्या वाचकांस यांत नवल वाटूं नये. त्या धोरणानें गांवोगांव फिरतां फिरतां श्मिटबाई सेनेहुन न्गोला या लहानशा खेड्यांत आल्या, आणि तेथें बेंदू जाबाती नांवाच्या बाईंनीं मुद्रण ऐकतांच आपण होऊन त्याच्या बरोबरीनें गाण्यास सुरुवात केली.

त्यांना तें आजीनें शिकविलें होतें. आणि तें खेळवणीचें गाणें नव्हतेंच. मृताच्या कबरीशीं बायकांनीं म्हणावयाचें तें अंत्यविधीचें गाणें होतें. त्या विधींत मृतासाठीं भात शिजवीत. आपल्या पिंडांची येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नव्या धर्मांच्या प्रसारानें तो विधि मागें पडला. तरी आजीनें गाणें टाकलें नाहीं. थोडा फेरफार करून तें इतर प्रसंगीं म्हणत राहिली आणि नातीस बजावून ठेवलें कीं, या गाण्यावरून आपलीं दुरावलेलीं माणसें ओळखतां येतील. इकडे जॉर्जियांत शोध केला, तों अमीलियाबाईंची कन्या मेरी मोरान हयात निघाल्या, आणि त्यांनाहि गाणें पाठ होतें! मध्यंतरीं सिएरा लिओनांत यादवी युद्ध पेटल्यामुळें भेट लांबली. अखेर १९९७ सालीं मेरीबाई सहपरिवार सेनेहुन न्गोला येथें गेल्या. गांवच्या वृद्ध, अंध मुखियानें त्यांच्यासाठीं तो बंद पडलेला विधि पुन्हां करविला. या भेटीवर १९९८ सालीं एक चित्रपटहि निघाला.

आतां या कथेची दुसरी बाजू. ज्या हॅरिस नेकमध्यें अमीलियाबाईंनीं गाणें म्हटलें, तें गांव आज उरलेलें नाहीं. १९४२ सालीं सरकारनें तेथील सुमारें २,७०० एकर जमीन लष्करी विमानतळासाठीं ताब्यांत घेतली आणि कुटुंबांस थोड्या मुदतींत घरें सोडावयास लाविलें. पुढें १९६२ सालीं तेथें पांखरांचें अभयारण्य झालें.

इतर गल्ला गांवांत सरकारऐवजीं पैसा आला. या लोकांच्या सुबक टोपल्या प्रसिद्ध आहेत. सुगंधी गवताची पेंडी वेटोळ्यानें वळीत न्यावयाची, चमच्याच्या दांड्याच्या टोंच्यानें भोंक पाडून ताडाच्या जातीच्या पानाच्या पट्टीनें टांका घालावयाचा, अशी ती कृति; मूळ वस्तु म्हणजे भात पाखडण्याचें सूप. तें गवत समुद्रकांठच्या वाळूंत उगवतें, आणि त्या वाळूवर आतां श्रीमंतांचे बंगले उभे आहेत. हिल्टन हेड बेटास १९५६ सालीं पूल झाला, त्यामागून गोल्फचीं मैदानें आलीं. गुलामगिरी संपल्यावर पूर्वजांनीं पै-पैसा जोडून घेतलेली जमीन बहुतेक ठिकाणीं मृत्युपत्रावांचून वारसांच्या सामाईक नांवें चालत आली होती. मग बाहेरच्या व्यापाऱ्यानें एवढेंच करावयाचें: परगांवीं राहणाऱ्या, बेट कधीं न पाहिलेल्या एखाद्या चुलत वारसाचा लहानसा हिस्सा विकत घ्यावयाचा आणि कोर्टांत वाटपाचा दावा लावावयाचा. जमिनीचे तुकडे पाडणें सोयीचें नाहीं असें ठरलें कीं सगळीच लिलावांत निघे, आणि राहत्या कुटुंबास घर सोडावें लागे. अविभक्त मिळकतींत वाढलेल्या वाचकांस यांतील मेख उलगडून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

जॉर्जियानें २०१२ सालीं व साउथ कॅरोलायनानें २०१६ सालीं कायदा करून, अशा दाव्यांत तो हिस्सा योग्य किंमतीस घेण्याची संधि आधीं सहवारसांस दिली आहे. हॅरिस नेकच्या जमिनीस मात्र त्याचा उपयोग नाहीं. ती वारसांकडून व्यापाऱ्यानें नव्हे, सरकारनें घेतली. तेथील वंशजांनीं कोर्टांत व वॉशिंग्टनच्या विधिमंडळांत दाद मागून पाहिली. जमीन त्यांस परत मिळालेली नाहीं.