पैसे गेले? तक्रारी दोन करा

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मालेगावच्या छावणी पोलिस ठाण्यात एक फिर्याद दाखल झाली. बाजार समितीत नोकरी लावून देतो, असं सांगून दहा-बारा तरुणांची आधार आणि पॅन कार्डं घेण्यात आली होती आणि त्यांच्या नावावर नाशिक मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँकेच्या मालेगाव शाखेत खाती उघडली गेली होती. नोकरी काही लागली नाही. खात्यांवर मात्र शंभर कोटींहून अधिक रुपयांची उलाढाल झाल्याचं तपासात पुढे आलं आणि पाठोपाठ सक्तवसुली संचालनालयाचे छापे पडले. तो पैसा कुणाचा आणि कशासाठी फिरला, हे ठरवणं तपास यंत्रणांचं आणि न्यायालयाचं काम. इथे ते प्रकरण आठवण्याचं कारण एवढंच, की दुसऱ्याच्या नावावरचं खातं किती सहज मिळतं, हे आपल्याच नाशिक जिल्ह्यात दिसून आलं.

ऑनलाइन चोरीला गेलेला पैसा हवेत विरत नाही. तो अशाच कुठल्या तरी खात्यात जाऊन पडतो. पोलिसांच्या भाषेत हे ‘म्यूल अकाउंट’, म्हणजे भाड्यानं घेतलेलं खातं. खातेदार कधी गरजू विद्यार्थी असतो, कधी कर्जात बुडालेला दुकानदार, कधी ज्याला काहीच माहीत नाही असा माणूस. तिथून काही मिनिटांत रक्कम चार-पाच खात्यांत विभागली जाते, त्यांतून आणखी दहा-वीस खात्यांत, आणि शेवटी कुठे एटीएममधून रोख निघते, कुठे क्रिप्टो चलन होऊन देशाबाहेर जाते. चोराचं नाव आपल्याला ठाऊक नसतं, पण पहिल्या खात्याचा माग आपल्या बँकेकडे असतो. पैसे परत मिळण्याची जी काही आशा असते, ती या मागावर आणि आपण किती लवकर हलतो यावर अवलंबून असते.

१९३० हा क्रमांक त्यासाठीच आहे. फसवणूक लक्षात येताच तिथे फोन लावायचा, किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवायची. फोन घेणारा कर्मचारी आपली बँक, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतो. यूपीआयचा असेल तर हा बारा आकडी क्रमांक ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. एनईएफटी किंवा आरटीजीएस असेल तर यूटीआर क्रमांक बँकेच्या नोंदीत असतो. ही माहिती भरली गेली की पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे लगेच सूचना जाते. रक्कम अजून तिथे असेल तर ती रोखून धरली जाते. पुढे गेली असेल तर सूचना पुढच्या बँकेकडे जाते. थोडक्यात, पैशाच्या मागे तक्रार धावते. पैसा आधी सुटलेला असतो, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचं.

या यंत्रणेनं काही केलेलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. केंद्रीय गृह मंत्रालयानं २०२५ च्या जुलैमध्ये लोकसभेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांनी सायबर भामट्यांपायी २२,८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हाच आकडा ७,४६५ कोटी होता. या यंत्रणेनं सुरुवातीपासून वाचवलेली रक्कम तेव्हा सुमारे ५,४८९ कोटी होती. गेलेल्या रकमेपुढे ती थोडी आहे, पण ती वाचली ती बहुतांशी लवकर फोन करणाऱ्यांची.

आता दुसरी तक्रार. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. १९३० ला फोन केला, सायबर पोलिस ठाण्यात जाऊन आलो, म्हणजे आपलं काम झालं असं लोक समजतात. बँकेत जातात ते फक्त कार्ड बंद करायला. पण पोलिसांची तक्रार चोराच्या मागे जाते. नुकसान कुणी सोसायचं, हा प्रश्न बँक आणि ग्राहक यांच्यातला आहे आणि त्यासाठी बँकेकडे वेगळी, लेखी तक्रार लागते.

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ रोजी काढलेलं परिपत्रक या बाबतीत ग्राहकाच्या बाजूचं आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसंच परिपत्रक लागू झालं, आणि सहकारी बँकांचं जाळं असलेल्या नाशिक जिल्ह्यात ही गोष्ट फार महत्त्वाची. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, मग त्यानं कळवलं असो वा नसो. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणी घुसखोरी केली असेल, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्य. मेसेज आला तो दिवस यात धरायचा नाही, आणि कामाचे दिवस आपल्या शाखेचे मोजायचे. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांचा फटका, जनधनसारख्या मूलभूत खात्याला ५ हजारांचा. त्यानंतर मात्र बँकेचं स्वतःचं धोरण लागू. तक्रार मिळाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत वादातली रक्कम बँकेनं खात्यावर तात्पुरती जमा दाखवायची आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करत ग्राहकानं फिरायचं नाही.

काउंटरवर मात्र उलटं घडतं. ‘ओटीपी टाकल्याशिवाय व्यवहार होतच नाही, म्हणजे तुम्हीच दिला असणार,’ असं ऐकवलं जातं आणि माणूस ओशाळून घरी येतो. हे उत्तर पुरेसं नाही. एपीके फाइलचंच उदाहरण घ्या. व्हॉट्सॲपवर गाडीच्या दंडाची नोटीस येते, कधी पीएम-किसानच्या हप्त्याची यादी, कधी लग्नाची पत्रिका. निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला हप्त्याची यादी उघडावीशी वाटली तर त्यात नवल काय? फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरं असतात. ती उघडली की एक ॲप बसतं, मेसेज वाचण्याची परवानगी मागतं आणि मिळाली की फोनमध्ये येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर भामट्याकडे पाठवत राहतं. ग्राहकानं ओटीपी कुणालाच सांगितलेला नसतो. तरीही बँकेच्या नोंदीत ‘योग्य ओटीपी टाकला’ असंच दिसतं.

न्यायालयांनी हे ओळखलं आहे. मुंबईतल्या एका आयुर्वेद कंपनीच्या खात्यातून ऑक्टोबर २०२२ मध्ये ७६ लाख ९० हजार रुपये गेले. नवे लाभार्थी खात्याला जोडले गेल्याची कसलीच सूचना कंपनीला मिळाली नव्हती. बँकेनं हात वर केले, बँकिंग लोकपालांनीही तक्रार फेटाळली. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रिझर्व्ह बँकेच्या याच परिपत्रकाच्या आधारे बँक ऑफ बडोदाला सहा आठवड्यांत व्याजासह सगळी रक्कम परत करायला सांगितलं. गुवाहाटीच्या एका ग्राहकाचे ९४,२०४ रुपये असेच गेले होते; त्यानं चोवीस तासांच्या आत बँकेला कळवलं होतं. स्टेट बँक ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेली आणि ३ जानेवारी २०२५ ला तिथेही हरली.

त्याही आधीचं एक प्रकरण आपल्या राज्यातलं आहे आणि ते फारसं कुणाच्या लक्षात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे ‘न्यायनिर्णय अधिकारी’ असतात आणि पाच कोटींपर्यंतच्या नुकसानभरपाईचे दावे ते ऐकू शकतात. पुण्यातल्या एका कंपनीच्या खात्यातून ८० लाखांहून अधिक रक्कम गेली होती. कंपनीच्या माणसानं बनावट ईमेलला उत्तर दिलं होतं, म्हणजे ग्राहकाची चूक होतीच. तरीही २०१३ मध्ये तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये द्यायला सांगितलं, कारण ज्या खात्यांत पैसे गेले त्यांची तपासणी बँकेनं नीट केली नव्हती. स्वतःची चूक झाली म्हणून सगळा दावा सोडून देणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

म्हणून बँकेचा अर्ज नीट लिहा. ‘अमुक तारखेचा, अमुक क्रमांकाचा व्यवहार मी केलेला नाही, मला मान्य नाही’ हे पहिलं वाक्य. पुढे जे घडलं ते खरंखरं, वेळेसह. दोष कुणाचा, यावर मात्र अर्जात काही लिहू नका. ‘माझ्या मूर्खपणामुळे’ असं लिहिलेलं एक वाक्य पुढे तुमच्याच विरोधात वापरलं जातं. पोच घ्या, तक्रार क्रमांक घ्या. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही.

डिजिटल अरेस्टचं दुखणं याहून अवघड आहे. तिथे माणूस स्वतः बँकेत जाऊन मुदत ठेव मोडतो आणि स्वतःच्या सहीनं आरटीजीएस करतो. व्यवहार त्यानंच केलेला असल्यानं २०१७ च्या परिपत्रकाचा आधार त्याला मिळत नाही. नाशिकमधल्या ज्येष्ठ नागरिकांनीही अटकेच्या भीतीपोटी आयुष्याची पुंजी घालवली आहे. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे न्यायालयाचं दृश्य, हातात बनावट वॉरंट, आणि ‘घरच्यांना सांगितलंत तर त्यांनाही आत टाकू’ ही धमकी. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध दाम्पत्याचे एक कोटींहून अधिक रुपये असे गेल्यावर सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली, आणि १ डिसेंबरला देशभरातल्या अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. माझं स्पष्ट मत आहे, की सत्तरीतला खातेदार घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्यानं वीस वर्षांची ठेव मोडून अनोळखी खात्यात पाठवायला आला, तर काउंटरवरच्या माणसानं त्याला खुर्चीवर बसवून पाणी द्यावं आणि मुलाबाळांचा फोन नंबर मागावा. एवढ्यानं जे वाचेल ते नंतर कुठलाही तपास वाचवू शकत नाही.

रोखलेली रक्कमही आपोआप परत येत नाही. कायद्याच्या नजरेत ती मुद्देमाल असते. ती मिळवण्यासाठी सहसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, पोलिसांचा अहवाल मागवला जातो, बंधपत्र द्यावं लागतं आणि मग बँकेला आदेश जातो. त्यासाठी गुन्हा नोंदलेला असला की काम सोपं होतं. नाशिक शहरासाठी पोलिस आयुक्तालयाचं सायबर पोलिस ठाणं आहे. सिन्नर, निफाड, येवला, मालेगावकडच्यांसाठी ग्रामीण पोलिसांचं. ‘आमची हद्द नाही’ म्हणून कुठल्याही ठाण्याला तुम्हाला परत पाठवता येत नाही. नव्या संहितेत शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवण्याची तरतूद आहे. नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. या टप्प्यावर महिनोन्‌महिने जातात आणि बरेच जण कंटाळून सोडून देतात. सोडू नका.

या काळात आणखी एक फोन येतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, प्रक्रिया शुल्क भरा.’ फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि त्याच माणसाला दुसऱ्यांदा गाठलं जातं. पैसे परत मिळवून देण्यासाठी पोलीस, बँक, लोकपाल यांपैकी कुणीही फी मागत नाही.

नाशिकपुढे आता कुंभमेळा आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ हा ध्वजारोहणाचा दिवस आणि २०२७ च्या ऑगस्टपासून अमृतस्नानं. प्रयागराजच्या महाकुंभात तंबू आणि कॉटेजच्या आरक्षणासाठी बनावट संकेतस्थळं निघाली होती आणि उत्तर प्रदेश पोलिसांना अटकाही कराव्या लागल्या होत्या. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरच्या खोल्यांच्या नावानं तेच इथे होऊ शकतं. आगाऊ रक्कम पाठवण्याआधी लॉजवर फोन करून खातं कुणाच्या नावावर आहे हे विचारा. इथल्या मुलांनाही सांगा, की कमिशनच्या मोहानं कुणी खातं, एटीएम कार्ड किंवा सिम मागितलं तर देऊ नका. पोलीस सगळ्यात आधी त्या खातेदाराच्या दारात उभे राहतात.

आणि घरच्यांना एक विनंती. वडिलांनी, सासूबाईंनी, कॉलेजातल्या मुलीनं ‘पैसे गेले’ असं सांगितलं, तर रागावू नका. ‘एवढं शिकून कसं कळलं नाही?’ हा प्रश्न ऐकावा लागेल या धास्तीनं लोक दोन-दोन दिवस गप्प राहतात आणि तोवर रक्कम पाचव्या खात्यातून बाहेर पडलेली असते. आधी १९३० लावा, मग बँकेच्या चोवीस तासांच्या क्रमांकावर तक्रार करा, आणि दुसऱ्या दिवशी शाखा उघडताच लेखी अर्ज देऊन पोच घ्या.